न शिवतां नाडीपरीक्षा

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसें महाभारत झालें, आणि त्याचें कारण सांगावयाचें म्हणजे लेखणी थोडी अडखळते. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत, आमच्या मातोश्रींनीं नैवेद्याकरितां निराळा ठेवलेल्या खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारीं, झांकण घट्ट लावलेल्या सात लहान लहान कुप्या उभ्या केलेल्या आढळल्या. प्रत्येकीवर तारीख, वेळ व ‘गच्ची, पूर्वेचा कोपरा’ अशीं अक्षरें. मातोश्रींचें वय सत्त्याऐंशी. दृष्टि मंद झाली आहे, परंतु चौकसपणा शाबूत आहे. त्यांनीं एक कुपी उजेडाकडे धरून पाहिली व आमच्या पुतणीस विचारलें, “हें काय गं? कसलें औषध?” पुतणी खरें बोलणारी. ती म्हणाली, “आजी, ती कांडेचोराची विष्ठा आहे.”

पुढील अर्ध्या तासाचें वर्णन वाचकांनीं आपापल्या घरच्या अनुभवावरून मनांत करून घ्यावें. नारळ बाहेर गेला, फ्रीज दोनदां धुतला गेला, मातोश्रींनीं अवेळीं स्नान केलें, आणि कुप्यांकरितां बाजारांतून बर्फाची निराळी पेटी आणावी लागली. आज त्या गोष्टीचें आम्हां सर्वांस हंसूं येतें. परंतु त्या सात कुप्यांमागें जी हकीकत आहे ती हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं, आणि तींत दोष आमचा आहे. म्हणून ती आम्हींच सांगितलेली बरी.

आमचें घर अंबरनाथास, रेल्वेच्या पूर्वेस, शिवालयाच्या वाटेवर आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० सालचा शिलालेख असलेलें तें देवालय पाहावयास लोक लांबून येतात. महाशिवरात्रीस तर वाट चालतां येत नाहीं. जवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्यास आज जो रंग व जो वास आहे त्याविषयीं न बोललेलें बरें. वडिलांनीं हें कौलारू घर बांधलें तेव्हां मागें भाताचीं खाचरें होतीं आणि रात्रीं कोल्हे ओरडत, असें मातोश्री सांगतात. आतां चहूंकडे सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या आहेत. मध्यें आमचें कौलारू घर, मागें नव्यानें काढलेल्या दोन खोल्या व त्यांवर गच्ची, आणि परसांत एक जांभूळ, दोन पेरू व एक भेरली माड, एवढेंच जुन्या अंबरनाथाचें आमच्या वांट्यास उरलें आहे. गच्चीवरून पाऊस उघडलेल्या दिवशीं मलंगगडाची रांग स्पष्ट दिसते.

ह्या माडाच्या फळांसाठीं एक प्राणी येत असे. मातोश्री कोंकणांतल्या, त्या त्यास कांडेचोर म्हणतात. पुस्तकांत त्यास उदमांजर म्हटलेलें आढळतें. अंग काळसर करडें, शेपूट अंगाएवढें लांब, डोळ्यांभोंवतीं काळा बुरखा. दिवसा झोंप, रात्रीं फळांवर ताव. तें आमच्या माळ्यावर राहूं लागलें आणि गच्चीच्या एका कोपऱ्यांत, अगदीं ठरलेल्या जागीं, बियांनीं भरलेली विष्ठा टाकूं लागलें. उपद्रव म्हणावा तर एवढाच. परंतु मध्यरात्रीं डोक्यावर कौलें वाजूं लागलीं कीं सौभाग्यवतींची झोंप मोडे, त्यांची झोंप मोडली कीं आमची मोडे, आणि सकाळीं दोघांचाही त्रागा त्या मुक्या जनावरावर निघे.

त्या दिवाळीपूर्वीच्या उन्हाळ्यांत आम्हीं एका ओळखीच्या गृहस्थांकडून घुशींसाठींचा मोठा लोखंडी पिंजरा आणला व त्यांत पिकलें केळें टांगलें. दुसऱ्याच रात्रीं दार पडलें. सकाळीं पाहतों तों तें कोपऱ्यांत अंगाचें वेटोळें करून बसलेलें. ना गुरगुरणें, ना धडपड. आम्हांस तर तें मोठें समंजस वाटलें. सौभाग्यवतींनीं बशींत दूध ठेवलें. शेजारचीं मुलें आलीं, त्यांच्या आया आल्या, मोबाइलवर छायाचित्रें निघालीं. आम्ही स्वतः पिंजऱ्याशेजारीं खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों व येणाराजाणारास सांगत होतों कीं, पहा, जनावर किती शांत आहे. सायंकाळीं रिक्षानें डोंगराच्या पायथ्याशीं नेऊन दार उघडलें. क्षणभर तें बाहेरच येईना. मग एकदम सुटलें व झाडींत नाहींसें झालें. घरीं येऊन आम्हीं पिंजरा फिनेलनें स्वच्छ धुतला, ज्याचा त्यास परत केला, आणि कोणासही न मारतां एक कटकट मिटविली ह्या समाधानांत निजलों.

तिसऱ्या रात्रीं मातोश्रींनीं हांक मारली. त्यांना ऐकूं कमी येतें. पण तो आवाज प्रथम त्यांनाच ऐकूं आला. “माळ्यावर कोणीतरी रडतें आहे रे,” असें त्या म्हणाल्या. शिडी लावून वर गेलों. अडगळींतल्या जुन्या गादीच्या कापसांत दोन पिल्लें होतीं. एक गार पडलें होतें. दुसऱ्याचें तोंड उघडें होतें आणि त्यांतून तो बारीक आवाज येत होता.

वनखात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर फोन केला. प्राण्यांची सुटका करणारे दोन तरुण आले, जिवंत पिल्लू कापडांत गुंडाळून घेऊन गेले. जातांना त्यांनीं आम्हांस सांगितलें कीं, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें अशा प्राण्यास परवानगीवांचून पकडणें हा गुन्हा आहे. तें त्यांनीं रागानें सांगितलें असतें तर आम्हांस बरें वाटलें असतें. पुढें कळलें कीं तें पिल्लू जगलें. आईचें काय झालें तें कळण्याचा मार्ग नव्हता. माळा आम्हीं त्याच आठवड्यांत झाडून घेतला, गादी जाळली, भिंतींस चुना दिला, कौलांच्या फटी बुजवल्या.

आमची पुतणी वन्य प्राण्यांच्या शरीरशास्त्राचा अभ्यास करते. दिवाळीस ती आली तेव्हां ही सारी हकीकत तिला सांगणें प्राप्तच होतें. सांगतां सांगतां, मनुष्यस्वभावाप्रमाणें, आमच्या तोंडून एक वाक्य निघून गेलें कीं, पिल्लांचें झालें तें वाईटच झालें, पण एवढें खरें कीं पिंजऱ्यांत तिला कांहीं त्रास झाला नाहीं. ती अगदीं शांत बसून होती. पुतणी थोडा वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “काका, पिंजरा धुतलात का?”

“हो. फिनेलनें.”

“मग आतां सांगतां येणार नाहीं.”

तिच्या ह्या उत्तराचा अर्थ आम्हांस त्या वेळीं कळला नाहीं. तो पुढें चार दिवसांत कळला, आणि जो कळला तो वाचकांस आमच्या भाषेंत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

भय वाटलें कीं छाती धडधडते, तोंडास कोरड पडते, हें सर्वांस ठाऊक आहे. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं गेल्या शतकाच्या आरंभींच दाखवून दिलें होतें कीं संकट दिसतांच देह लढण्याची किंवा पळण्याची तयारी करतो. १९३६ सालीं हॅन्स सेल्ये यांनीं ‘नेचर’ ह्या नियतकालिकांत एक छोटेंसें पत्र प्रसिद्ध केलें व उंदरांवरील प्रयोगांवरून असें सांगितलें कीं थंडी असो, जखम असो वा विष असो, कारण कोणतेंही असलें तरी देहाचें उत्तर बरेंचसें एकाच धर्तीचें असतें. ह्या उत्तरांत मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ज्या दोन ग्रंथि आहेत त्यांचें काम मोठें. त्यांतून कॉर्टिसॉल नांवाचें संप्रेरक रक्तांत उतरतें, साठविलेली शक्ति मोकळी करतें आणि पचन, वाढ, प्रजनन इत्यादि सवडीचीं कामें तूर्त बाजूस सारतें. वाघ अंगावर आला असतां जेवण पचविण्याची घाई कोणास असणार? परंतु हाच प्रकार आठवडेच्या आठवडे चालला तर सवडीचीं कामें कायमचींच राहून जातात. अंग खंगतें, रोगांस वाट मिळते, वंश खुंटतो. ह्यास आजकाल सर्वत्र ‘तणाव’ म्हणतात. तो शब्द आम्हांस वर्तमानपत्रांतील दंगलीच्या बातमीसारखा वाटतो. ‘ताण’ हा आपला जुना शब्द पुरेसा आहे.

आतां प्रश्न असा कीं रानांतल्या जनावराचा ताण मोजावा कसा? रक्त काढावें तर त्यास पकडावें लागतें, आणि पकडल्यापासून दोन-तीन मिनिटांतच रक्तांतील कॉर्टिसॉल चढूं लागतें. म्हणजे त्या रक्तांत जनावराच्या आयुष्याची कहाणी वाचावयास मिळत नाहीं. आपण आलों, एवढीच बातमी मिळते. हें ऐकतांच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “माझा रक्तदाब!” आणि त्यांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. दवाखान्यांत डॉक्टरांनीं दंडास पट्टा बांधला कीं त्यांचा दाब एकशें साठाच्या वर जातो. घरीं, दुपारचा चहा झाल्यावर, आम्हीं मोजला तर एकशें तीस. पांढरा कोट पाहून चढणारा हा दाब वैद्यकशास्त्रांत इतका प्रसिद्ध आहे कीं त्यास नांवही त्या कोटाचेंच दिलेलें आहे. माणसास निदान ठाऊक असतें कीं डॉक्टर आपला मित्र आहे. बिबळ्यास तें कोण समजावून सांगणार?

म्हणून संशोधकांनीं असा मार्ग शोधला कीं जनावरास शिवावयाचेंच नाहीं. त्यानें आपण होऊन मागें जें टाकलें तेंच तपासावयाचें. कॉर्टिसॉल रक्तांतून यकृतांत जातें, तेथें त्याची मोडतोड होते, त्याचे अवशेष पित्ताबरोबर आंतड्यांत उतरतात व विष्ठेवाटे बाहेर पडतात. ह्या प्रवासास वेळ लागतो, आणि तो प्रत्येक जातीचा निराळा. हत्तीसारख्या प्राण्यांत सुमारें एक ते दोन दिवस. आजच्या लिदींत कालपरवांची भीति असते. शिवाय रक्त एका क्षणाचा हिशेब देतें, तर विष्ठा कित्येक तासांची सरासरी सांगते. वटवाघूळ डोक्यावरून उडाल्यानें दचकलेलें जनावर व रोज माणसांच्या गराड्यांत दचकणारें जनावर ह्यांत ती फरक करूं शकते. केंसांतही हें संप्रेरक सांठतें, लघवींत सांपडतें, देवमाशांच्या कानांत जन्मभर थरावर थर चढत गेलेला मळ असतो, त्या थरांतूनही शास्त्रज्ञांनीं कॉर्टिसॉल मोजून काढलें आहे, आणि देवमाशांची शिकार जेव्हां भरांत होती त्या वर्षांच्या थरांत तें अधिक भरलें. पण रोजच्या कामांत विष्ठेइतका सोयीचा साक्षीदार दुसरा नाहीं.

काम मात्र वाटतें तितकें सोपें नव्हे. विष्ठा ताजी हवी, कारण तींतील जंतु संप्रेरकाचे अवशेष खात राहतात. म्हणून ती लगेच गोठवावयाची किंवा अल्कोहोलांत बुडवून ठेवावयाची. (आमच्या नारळाचा डबा बाहेर जाण्याचें शास्त्रीय कारण तें हेंच.) पावसानें भिजलेली नको. पुढें प्रयोगशाळेंत ती वाळवून, बिया व केंस काढून, भुकटी करून, मिथेनॉलसारख्या द्रवांत घुसळतात. तो अर्क बारीक खळग्यांच्या तबकडींत घालतात. त्या खळग्यांच्या तळाशीं ह्याच संप्रेरकास नेमके धरून ठेवणारे प्रतिद्रव्याचे कण बसविलेले असतात. जितका रंग फिका उमटेल तितकें संप्रेरक अधिक. उत्तर येतें तें एका ग्रॅमास इतके नॅनोग्रॅम असें, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश. हैदराबादेस ‘पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्र’ आहे. त्याच्या अंगानें, लालजी सिंग यांच्या खटपटीनें, संकटग्रस्त प्राण्यांसाठीं जी निराळी प्रयोगशाळा उभी राहिली तेथें गोविंदस्वामी उमापति व त्यांचे सहकारी हें काम पुष्कळ वर्षें करीत आले आहेत.

एक गोष्ट आम्हांस खटकली व ती आम्हीं बोलून दाखविली. अर्कांत सांपडलेले अवशेष खरोखर ताणाचेच, हें प्रथम कशावरून ठरविलें? तेव्हां पुतणीनें कबूल केलें कीं प्रत्येक जातीच्या बाबतींत, बाळगलेल्या एखाद्या प्राण्यास, त्या ग्रंथींस चेतविणारें औषध एकदां टोंचून पाहावें लागतें. मग किती तासांनीं विष्ठेंत आंकडा चढतो तें पाहून पद्धति खरी कीं खोटी तें ठरतें. म्हणजे हजारांस सुई लागूं नये म्हणून एकास लागलीच! आम्हांस हें पूर्णपणें पटलें असें म्हणवत नाहीं. पण त्यावांचून मार्ग कोणता तेंही आम्हांस सुचलें नाहीं.

ह्या पद्धतीनें काय काय कळलें त्याच्या दोन-तीन गोष्टी तिनें सांगितल्या, त्यांपैकीं समुद्रावरची आमच्या मातोश्रींस फार आवडली. कॅनडा व अमेरिका ह्यांच्या मधल्या फंडीच्या आखातांत एका जातीचे दुर्मिळ देवमासे उन्हाळ्यांत येतात. संशोधक त्यांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा गोळा करीत होते. इतक्यांत सप्टेंबर २००१ मध्यें न्यूयॉर्कचे मनोरे पडले, आणि कांहीं दिवस जहाजांची वाहतूक मंदावली. पाण्याखालचा गोंगाट सहा डेसिबेलनें उतरला, आणि त्याच दिवसांतल्या देवमाशांच्या विष्ठेंत ताणाचें प्रमाणही उतरलें. २०१२ सालीं हें प्रसिद्ध झालें. एवढ्या मोठ्या समुद्रांत, वर्षानुवर्षें, यंत्रांच्या घरघरीनें तीं जनावरें गांजलेलीं होतीं, आणि माणसें दुःखानें स्तब्ध झालीं तेव्हां कोठें त्यांस श्वास घेतां आला. मातोश्रींनीं विचारलें, “मग आतां पुन्हा सुरू झालीं का जहाजें?” झालीं, अर्थात्.

राजस्थानांतील सरिस्काचे सारे वाघ २००४-०५ च्या सुमारास शिकारचोरांनीं संपविले. २००८ पासून रणथंभोराहून नवे वाघ आणून सोडण्यांत आले. नर होते, माद्या होत्या, भक्ष्य होतें. पण पिल्लें दिसावयास २०१२ साल उजाडावें लागलें. त्या वाघांच्या विष्ठेचा अभ्यास २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत माणसांचा व गुरांचा वावर जेथें अधिक तेथें ताणही अधिक असें आढळलें. रस्ते, वस्त्या, यात्रेकरूंच्या गाड्या ह्यांच्या मध्यें वंशवृद्धीसारखें सवडीचें काम मागें पडलें असेल तर नवल नाहीं.

मध्यप्रदेशांतील कान्हा व बांधवगड येथील गोष्टीनें मात्र आमची मान खालीं गेली. तेथें पर्यटकांच्या मोसमांत वाघांच्या विष्ठेंतील ताणाचे अवशेष, उद्यान बंद असतांनाच्या काळापेक्षां अधिक भरले, आणि त्याचा संबंध गाड्यांच्या व माणसांच्या संख्येशीं लागला. हा अभ्यास २०१९ चा. आम्ही सहकुटुंब बांधवगडास जाऊन आलेलों आहोंत. एक वाघीण रस्ता ओलांडण्यासाठीं झाडींत थांबली होती व दोहों बाजूंस गाड्यांची रांग लागली होती. तीही शांत होती. आम्ही जणूं तेथें नाहींच अशा डौलानें ती दोन गाड्यांच्या मधून निघून गेली, आणि तें छायाचित्र आमच्या दिवाणखान्यांत सागवानी चौकटींत लावलेलें आहे. आल्या-गेल्यास आम्ही सांगत असूं कीं तिनें आमच्याकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं.

ह्या ठिकाणीं आम्हीं वकिली केली. आम्हीं विचारलें कीं, भ्यालेलें जनावर भ्यालेलें आहे हें सांगावयास प्रयोगशाळा कशाला? २०१९ च्या जानेवारींत शेजारच्या उल्हासनगरांत बिबळ्या एका बंगल्यांत शिरला, २०२२ च्या नोव्हेंबरांत कल्याणास चिंचपाड्याला एका इमारतींत शिरला व कांहीं माणसें जखमी झालीं. दोन्ही वेळां रस्त्यांवर बघ्यांची ही गर्दी! त्या बिबळ्याच्या मनाची स्थिति कोणीही सांगेल. ह्यावर तिनें कर्नाटकांतल्या हत्तींचें उदाहरण दिलें व आमची वकिली तेथेंच संपली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील संजीता शर्मा पोखरेल, रामन सुकुमार व त्यांचे सहकारी यांनीं जंगलांतील हत्ती व शेतांत घुसून पिकें खाणारे हत्ती ह्यांच्या लिदी तपासल्या. फटाके, मशाली, ढोल, पाठलाग हें सारें ज्यांच्या वांट्यास येतें त्या पीकचोर हत्तींचा ताण अधिक असणार, अशी कोणाचीही अटकळ होईल. निघाला तो कमी. शेतांतला पौष्टिक चारा हें त्याचें एक कारण असावें असें संशोधकांनीं २०१९ सालीं मांडलें. त्यापूर्वींच्या अभ्यासांतही, कोरड्या दिवसांत हाडें निघालेल्या हत्तींचाच ताण अधिक भरला होता. “म्हणजे काका,” ती म्हणाली, “आपले डोळे दोन्हीकडून फसवतात. जें भ्यालेलें वाटतें तें पोटभर जेवलेलें असतें, आणि जें शांत वाटतें—” पुढचें वाक्य तिनें आमच्या वयाकडे पाहून गिळलें.

पण त्या आंकड्यांवरही आंधळा विश्वास नको, हें तीच सांगते. गाभण मादीचा आंकडा ताणावांचूनही चढतो. ऋतु बदलला, खाणें बदललें, कीं आंकडा बदलतो. आणि फार दिवस छळलेल्या देहाची ग्रंथि कधीं कधीं उत्तर देण्याचेंच सोडून देते, तेव्हां कमी आंकडा म्हणजे सुख असेंही नाहीं. एका जनावराचा एकच आंकडा म्हणजे कांहींच नव्हे. त्याच जनावराचे, निरनिराळ्या दिवसांचे, बरेच आंकडे हवेत. म्हणूनच सात कुप्या.

आपल्याकडील बिबळ्यांच्या बाबतींत एक गोष्ट तर आमच्या पिंजऱ्याच्या फार जवळ येते. जुन्नरच्या वनविभागांत २००१ पासून, बिबळे धरून दूरच्या रानांत नेऊन सोडण्याचा प्रघात वाढला. कोणास मारावयाचें नाहीं, कटकट मात्र मिटवावयाची; हेतु आमच्यासारखाच. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढें हिशेब मांडला, तो २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पूर्वी तेथें माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत, ते नंतरच्या दोन-तीन वर्षांत वर्षास सुमारें १७ वर गेले. तेथें विष्ठेची तपासणी झालेली नव्हती. परंतु पकडण्याचा, कोंडण्याचा व अनोळखी मुलुखांत सोडून दिल्याचा ताण हें एक कारण असूं शकेल असें त्या अभ्यासकांनीं नमूद केलें आहे. आम्हीं मात्र एक रिक्षा केली होती व भाड्यांत घासाघीसही केली होती.

पांचव्या दिवशीं, भाऊबीजेच्या सकाळीं, पुतणी गच्चीवरून धांवत खालीं आली. पूर्वेच्या कोपऱ्यांत, अगदीं त्याच जुन्या जागीं, ताजी विष्ठा पडली होती. भेरली माडाच्या बिया तींत स्पष्ट दिसत होत्या. तेव्हांपासून ती रोज पहांटे हातमोजे घालून वर जाऊं लागली, आणि त्यांतूनच त्या सात कुप्या व तें महाभारत. हें कांहीं संशोधन नव्हे, हात बसावा म्हणून चाललेला सराव आहे, असें तिनें आम्हांस बजावून सांगितलें होतें. तरी आम्हांस राहवलें नाहीं.

“तीच असेल का गं?” आम्हीं विचारलें.

ती जरा वेळ कुपीचें झांकण फिरवीत बसली. मग म्हणाली कीं, तें कळूं शकतें. विष्ठेवर आंतड्यांतल्या पेशी चिकटून येतात. त्यांवरून अमुक एक जनावर तेंच कीं दुसरें हें ओळखतां येतें, वाघांची मोजदाददेखील अशी करतात. फक्त पहिल्या जनावराचें कांहींतरी जवळ हवें. पिंजऱ्यांतली विष्ठा चालली असती. गादीवरचा मुळासकट एखादा केंसही चालला असता.

आम्ही उठून बाहेर आलों. गादी आम्हींच जाळली होती, माळ्यास आम्हींच चुना दिला होता.

कौलांची एक फट आम्हीं नंतर मोकळी करून ठेवली. सौभाग्यवतींनीं त्याविषयीं कांहीं विचारलें नाहीं. पुतणी परत गेली त्या रात्रीं पुष्कळ उशिरां, शेवटची गाडी गेल्यावर, माडाच्या झावळ्या हलल्या व डोक्यावर कौल वाजलें. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात आम्हीं मागें घेतला. पलीकडच्या खोलींतून, अंधारांतून, मातोश्रींनीं विचारलें, “आली का रे?”